काम आणि गेमिंग दोन्हीसाठी एकच मॉनिटर : २७ इंच १४४०पी घेऊ की फोरके? बजेट २५ हजार

तिस्क_नाका :
नमस्कार मंडळी, फोंड्याहून लिहितोय. मॉनिटर घ्यायचाय आणि गेले पंधरा दिवस इतके व्हिडिओ बघितले की आता डोक्यात नुसता गोंधळ झालाय, म्हणून सरळ विचारतो.

काम घरूनच, अकाउंट्सचं. सकाळी नऊ ते सहा एका बाजूला टॅली आणि दुसऱ्या बाजूला एक्सेल, आणि महिन्याच्या ११ आणि २० तारखेच्या आसपास जीएसटीचं पोर्टलही उघडं असतं. सगळ्यात त्रास होतो तो टू-बी (पुरवठादारांनी भरलेल्या बिलांची पोर्टलवरची यादी) मॅचिंगला. खरेदीचं रजिस्टर डावीकडे, टू-बी उजवीकडे, आणि आताच्या स्क्रीनवर अर्ध्या भागात पार्टीचं नाव, बिल नंबर आणि टॅक्सेबल व्हॅल्यू एवढंच मावतं, सीजीएसटी-एसजीएसटी बघायला दर वेळी उजवीकडे सरकायचं, परत यायचं, आणि तोवर आपण कुठल्या ओळीत होतो तेच विसरायला होतं. दिवसातून शंभर वेळा.

रात्री जेवण झालं की म्हापशाचा मावसभाऊ आणि मी व्हॅलोरंट खेळतो, शनिवार-रविवारी एकट्याने खेळायचे मोठे गेम. पीसीत आरटीएक्स ३०६० आहे बारा जीबीवालं आणि रायझन ५ ५६००. ऑफिसचा लॅपटॉप वेगळा, त्याला एचडीएमआय आहे. आता जो मॉनिटर आहे तो २४ इंची फुल एचडी, ६० हर्ट्झ, आठ वर्षं झाली, एक कोपरा पिवळट पडलाय.

टेबल आजोबांचं आहे, पुढून मागे दोन फूट, बदलणार नाही. खिडकी पश्चिमेची, पाठीमागे येते, चारनंतर ऊन सरळ स्क्रीनवर. तर २७ की ३२? १४४०पी की फोरके? पॅनेल आयपीएस, व्हीए की ओलेड? वाकडा घ्यावा का? दिवाळीआधी घ्यायचाय.

बार्देश_गेमर :
भावा आधी मॉनिटर बघूच नको, कार्ड बघ. फुल एचडीला साधारण २०.७ लाख पिक्सेल असतात, १४४०पीला ३६.९ लाख, आणि फोरकेला ८२.९ लाख. म्हणजे तुझं ३०६० आज जेवढं ओढतंय त्याच्या चौपट ओझं फोरकेला. व्हॅलोरंट हलका आहे, तो चालेल, पण शनिवार-रविवारचे मोठे गेम फोरकेवर सेटिंग कितीही खाली आणलीस तरी रडतील. १४४०पीला पावणेदोन पटीच्या जरा वर ओझं आहे, ते हे कार्ड डीएलएसएस (कमी पिक्सेलात चित्र काढून मोठं करणारी एनव्हिडियाची सोय) लावून उचलतं, माझ्याकडे दोन वर्षं हेच कार्ड होतं म्हणून सांगतोय.

आता साइज. दोन फुटी टेबलावर ३२ नको. नुसतं अंतराचं कारण नाही, ३२ इंचाला १४४०पी म्हणजे एका इंचात जेमतेम ९२ पिक्सेल पडतात, तेवढेच तुझ्या आताच्या २४ इंचीला आहेत. म्हणजे पैसे घालून अक्षर होतं तेवढंच जाडं राहणार. २७ इंचाला १४४०पीमध्ये १०९ पडतात. आणि दुकानदार २७ इंच फुल एचडी स्वस्तात गळ्यात मारायला बघेल, त्याला तर ८२च पडतात, घेऊ नको, एक्सेलचे आकडे दातरी दिसतील.

हर्ट्झबद्दल, ६०ला नवीन चित्र दर १६.७ मिलिसेकंदाला येतं, १६५ला साधारण ६ला. व्हॅलोरंटमध्ये कोपऱ्यातून माणूस बाहेर आला तर तो तुला काही मिलिसेकंद आधी दिसतो, हे एकदा खेळलास की परत ६०वर बसवत नाही. १४४च्या वर गेलास की फरक आहे पण कमी-कमी होत जातो, तेव्हा १६५ आणि १८०मध्ये हजार-दोन हजार जास्त घालू नको, तेच पैसे चांगल्या स्टँडला घाल. स्टँड खालीवर होणारा पाहिजे, नुसता पुढेमागे झुकणारा नको.

आणि व्हीएबद्दल मनापासून सांगतो, मी घेतला होता, वाकडा, २७ इंची, काळा रंग काळाकुट्ट दिसतो म्हणून. काळा खरंच छान होता, व्हीएला कॉन्ट्रास्ट ३०००ला १ च्या आसपास असतो, साध्या आयपीएसला १०००ला १. पण अंधाऱ्या भिंतीसमोरून कोणी पळत गेला की त्याच्यामागे काजळ बोटाने पुसल्यासारखी रेघ राहायची. काळ्यातून करड्यात जायला त्या पॅनेलला वेळ लागतो, सेटिंगने जात नाही. सगळेच व्हीए तसे नसतात पण तुझ्या बजेटातले बरेचसे असतात. आठ महिन्यांत विकला.

आयपीएस, २७, १४४०पी, १४४ ते १८० हर्ट्झ. डोळे मिटून घे.

डीटीपी_पणजी :
डोळे मिटून नका घेऊ, डोळ्यांसाठीच तर घ्यायचाय.

मी वीस वर्षं मराठी पानं लावतेय, पत्रिका, स्मरणिका, चवथीच्या आरत्यांची पुस्तकं, सगळं. दिवसाचे दहा तास स्क्रीनसमोर. तेव्हा माझा हिशोब वेगळा आहे : तुम्ही स्वतःच लिहिलंय की नऊ तास काम आणि रात्री दोनेक तास खेळ. मग नऊ तासांचं आधी बघा.

देवनागरीला इंग्रजीपेक्षा जास्त पिक्सेल लागतात हे मला कोणी सांगितलं नाही, बघून बघून कळलं. जुन्या फुल एचडी स्क्रीनवर नऊ पॉइंटमध्ये ‘ष्ट’ आणि ‘ष्ठ’ वेगळे ओळखू येत नाहीत, रफार आणि त्याच्यावरचा अनुस्वार मिळून एकच ठिपका होतो, आणि ‘द्ध’ उलटा झालाय की सुलटा ते प्रूफ छापून आल्यावर दिसायचं. एकदा अख्ख्या अंकात ‘श्रद्धा’ चुकीची गेली माझ्या हातून, यजमानांनी काही म्हटलं नाही पण मला आठवडाभर जेवण गेलं नाही. त्यानंतर २७ इंची फोरके घेतला, इंचाला १६३ पिक्सेल, विंडोजमध्ये स्केलिंग (अक्षरं-खिडक्या मोठ्या करायची सेटिंग) १५० टक्के ठेवते. जागा १४४०पीएवढीच मिळते पण अक्षर छापल्यासारखं दिसतं. संध्याकाळी डोकं दुखायचं ते थांबलं.

गेमिंगचं माझा मुलगा बघतो त्याच स्क्रीनवर. तो डेस्कटॉप फोरके ठेवतो आणि गेम फुल एचडीला चालवतो. फोरके बरोबर चौपट असल्यामुळे ग्राफिक कार्डाच्या सेटिंगमध्ये इंटिजर स्केलिंग लावलं की एका पिक्सेलचे नीट चार होतात, चित्र फाटत नाही. १४४०पीला चालवलं की दीडपटीचा हिशोब बसत नाही म्हणून जरा पुसट दिसतं. पण आमचा ६० हर्ट्झचा आहे हे खरं, आणि तो त्यावर कुरकुरतो.

ओलेडबद्दल विचारलंत. दुकानात मी माझी फाइल लावून बघितली होती. काळा रंग डोळ्यांत साठवावा असा, पण अक्षरांच्या कडेला हिरवट-गुलाबी झाक. त्यातले लाल-हिरवे-निळे ठिपके विंडोजला अपेक्षित असतात तसे एका ओळीत नसतात म्हणून होतं ते. नवीन पॅनेलना कमी होतंय म्हणतात. पण टॅलीची तीच खिडकी रोज नऊ तास एका जागी उभी राहणार असेल तर ओलेड तुमच्यासाठी नाहीच, त्या रेघांचा डाग बसू शकतो कायमचा.

आणि खिडकीचं आजच करा, मॉनिटर यायच्या आधी. टेबल चतकोर फिरवा, खिडकी पाठीशी नको, बाजूला घ्या. ऊन पाठीमागून आलं की कसलाही महाग स्क्रीन घ्या, तुम्हाला तुमचाच शर्ट दिसणार.

तिस्क_नाका :
ताई, टेबल फिरवलं आत्ताच. आई विचारत होती कोण येणार आहे म्हणून. खरंच फरक पडला, जुन्याच स्क्रीनवर साडेचारला पडदा न लावता काम केलं.

पण आता आणखी पेचात पडलो. टॅली आणि एक्सेलमध्ये माझं देवनागरी जवळजवळ नसतंच, आकडे आणि इंग्रजी नावं. मराठी फक्त वाचायला, पेपर आणि देवळाच्या कमिटीचे हिशोब. त्याला फोरके लागेल का? आणि फोरके १४४ हर्ट्झवाला बजेटच्या बाहेर जातोय. आणखी एक, गेल्या महिन्यात लाईट इतक्यांदा गेली-आली की पीसी दोनदा आपोआप बंद झाला. यूपीएस ६०० व्हीएचा (व्होल्ट-अँपिअर, म्हणजे त्याची क्षमता) आहे, तो चालेल ना नव्या मॉनिटरला?

साखळी_वायरमन :
मॉनिटरमधलं मला कमी कळतं पण हे शेवटचं माझं क्षेत्र, म्हणून लिहितो.

६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे ३६० वॉटच्या आसपास, तोही बॅटरी नवीन असताना. तुमचं कार्ड एकटं १७० वॉट खातं गेम चालू असताना, प्रोसेसर, मदरबोर्ड, पंखे धरून २७०-३०० होतात, वर मॉनिटर ३०-५०, वर राउटर. लाईट गेली त्या क्षणी यूपीएसवर एवढा भार एकदम आला की तो टूं करून बसतो. पीसी दोनदा बंद झाला ना, तो लाईट गेल्यामुळे नाही, यूपीएसला भार झेपला नाही म्हणून. दोन्ही वेळेला गेम चालू होता का ते आठवून बघा. १००० किंवा ११०० व्हीएचा घ्या, आणि प्युअर साइनवेव्ह (घरच्या लाईटसारखी गुळगुळीत वेव्ह देणारा) मिळाला तर उत्तम, कारण आजकालचे चांगले एसएमपीएस (पीसीचे पॉवर सप्लाय) चौकोनी वेव्हवर कधीकधी अडून बसतात. मॉनिटरला वेगळा स्टॅबिलायझर नको, त्याचा सप्लाय १०० ते २४० व्होल्ट कशावरही चालतो. त्याला मारतो तो लाईट परत येतानाचा झटका.

दुसरं अर्थिंग. आमच्या इथली जमीन चिऱ्याची, एप्रिल-मे मध्ये वाळून कोळ होते आणि अर्थिंग नावाला उरतं. खड्ड्यात आठवड्याला बादलीभर पाणी ओतायचं उन्हाळ्यात, जुनी माणसं ओतायची, आता सगळे विसरलेत. सीपीयूच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या येतात का? येत असतील तर मॉनिटर घ्यायच्या आधी वायरमन बोलवा.

तिसरं वीज. आता ऑक्टोबरात दुपारनंतर गडगडाट सुरू होतो, तेव्हा यूपीएसवर विसंबायचं नाही, प्लग उपटायचा. आणि नुसता पॉवरचा नाही. डिचोलीत एका घरी गेलो होतो, पॉवरचे सगळे प्लग काढलेले, टीव्ही केबलची वायर तेवढी राहिली होती, तिच्यातून सेटटॉप बॉक्स आणि तिथून एचडीएमआयने आत. स्क्रीन चालू, रंग व्यवस्थित, फक्त ते पोर्ट मेलं. फायबरच्या काचेतून वीज येत नाही, पण राउटर ते पीसी तांब्याची लॅन केबल असते आणि राउटरचा अॅडॉप्टर भिंतीत असतो, तेव्हा तीही काढा.

आणि एक बारीक गोष्ट. पावसाच्या दिवसांत बारीक किडे-मुंग्या उजेडाला येऊन कडेच्या फटीतून स्क्रीनच्या आत शिरतात. आत चालताना दिसतील. बोटाने दाबायचं नाही! दाबलं की तो तिथेच मरतो आणि आयुष्यभर काळा ठिपका, वॉरंटीत पण येत नाही. स्क्रीन बंद करा, खोलीत अंधार करा, कडेला टॉर्च धरून ठेवा, स्वतःहून बाहेर येतो. माझ्या पुतणीच्या मॉनिटरमधून तासाभराने बाहेर आली होती मुंगी.

तिस्क_नाका :
दोन्ही वेळेला गेमच चालू होता. आणि सीपीयूला हात लावला, येतात मुंग्या. म्हणजे मॉनिटरचं बजेट आता बावीसवर आलं, बाकीचं यूपीएसला आणि अर्थिंगला. तुमचे मनापासून आभार, हे मला कुठल्या व्हिडिओत सापडलं नसतं.

वेर्णा_शिफ्ट :
अल्ट्रावाइडचं कोणी बोललं नाही म्हणून. माझ्याकडे ३४ इंची आहे, ३४४० बाय १४४०. एक्सेलच्या दोन शीट शेजारी शेजारी लावायला त्यासारखं सुख नाही, मध्ये फटही नाही. पण तुमच्यासाठी नको म्हणेन, कारण रुंदी ८० सेंटिमीटर, दोन फुटी टेबलावर मान फिरवत बसाल, पिक्सेल ४९.५ लाख म्हणजे कार्डावर आणखी भार, आणि व्हॅलोरंट त्यावर पूर्ण पसरत नाही, दोन्ही बाजूला काळ्या पट्ट्या राहतात. त्यापेक्षा नवीन २७ समोर आणि जुना २४ उभा करून बाजूला, त्यात टॅलीचं लेजर लांबच्या लांब दिसतं.

बॉक्सवर ‘एचडीआर ४००’ (उजेड-अंधारातला फरक जास्त दाखवतो असा शिक्का) लिहिलेलं असेल तर त्यासाठी एक रुपया जास्त देऊ नका. त्यात बॅकलाइट भागाभागाने मंद करायची अटच नसते, नुसती स्क्रीन उजळ होते.

बार्देश_गेमर :
फ्रीसिंक (कार्डाच्या वेगाप्रमाणे स्क्रीनचा वेग जुळवायची एएमडीची सोय) लिहिलेला चालेल, कार्ड एनव्हिडियाचं आहे म्हणून घाबरू नको. जानेवारी २०१९पासून त्यांची कार्डं अशा मॉनिटरवर अॅडॅप्टिव्ह सिंक चालवतात, फक्त डिस्प्लेपोर्टची केबल लाव. ताई, तुमचं अक्षरांचं पटलं, मी तसा विचारच केला नव्हता. पण ६० हर्ट्झचा फोरके घेतला तर ह्याचं गेमिंग आहे तिथेच राहील.

डीटीपी_पणजी :
तेही बरोबर आहे. आकड्यांसाठी १०९ पुरतील. तिस्क, एक करा, कोणाचंच ऐकू नका, पेन ड्राइव्हमध्ये तुमची स्वतःची एक्सेल शीट आणि देवळाच्या हिशोबाची मराठी पीडीएफ घाला आणि पणजीला दुकानात जाऊन दोन्ही स्क्रीनवर उघडायला लावा. दुकानात ते धबधबे आणि पोपट लावून ठेवतात, पोपट सगळ्याच स्क्रीनवर सुंदर दिसतो. आणि हातभर अंतरावर बसून बघा, उभं राहून नको.

तिस्क_नाका :
घेतला!! २७ इंच, १४४०पी, आयपीएस, १८० हर्ट्झ, स्टँड खालीवर होणारा.

ताईंनी सांगितलं तसं पेन ड्राइव्ह घेऊन गेलो. दुकानातला मुलगा आधी वैतागला, मग त्यालाच मजा वाटायला लागली आणि त्याने खुर्ची आणून दिली. फोरकेवर मराठी पीडीएफ खरंच जास्त सुरेख होती, खोटं बोलणार नाही, जोडाक्षरं कोरल्यासारखी. पण माझी टू-बीची शीट उघडल्यावर दोन्हीवर मला सारखंच वाचता आलं, आणि अर्ध्या स्क्रीनमध्ये पार्टी, बिल नंबर, टॅक्सेबल, सीजीएसटी, एसजीएसटी सगळं एका ओळीत दिसलं. न सरकवता. तिथेच ठरलं.

बॉक्स कदंबच्या बसमध्ये मांडीवर उभा धरून आणला, फोंड्यापर्यंत पाय बधिर झाले पण खाली ठेवला नाही. रात्री दिवे घालवून काळा, पांढरा, लाल, हिरवा, निळा असे पूर्ण स्क्रीनभर रंग लावून तपासलं, मेलेला पिक्सेल एकही नाही, काळ्यावर खालच्या उजव्या कोपऱ्यात थोडा उजेड गळतोय पण एरवी दिसत नाही. वॉरंटीच्या कार्डावर पिनकोडला घरी येऊन सर्व्हिस आहे की नाही ते बिल करायच्या आधीच विचारून घेतलं.

आता अडचण. व्हॅलोरंट लावला आणि मला काहीच फरक वाटेना. मावसभाऊ फोनवर ओरडतोय की तुला दिसत कसं नाही. चूक कुठे होतेय?

बार्देश_गेमर :
जुनीच एचडीएमआय केबल लावलीस ना? बॉक्समध्ये डिस्प्लेपोर्टची केबल असेल, ती काढ, आणि पीसीच्या मागे मदरबोर्डच्या पोर्टात नको, खाली ग्राफिक कार्डाच्या पोर्टात लाव. मग विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, अॅडव्हान्स्ड डिस्प्ले, तिथे रिफ्रेश रेट ६० दिसेल, तो हाताने १८० कर. आपोआप होत नाही बऱ्याचदा. लोक वर्षवर्ष १८०चा मॉनिटर ६०वर वापरतात.

आणि मॉनिटरच्या मेनूत ओव्हरड्राइव्ह (पिक्सेल लवकर बदलायची सेटिंग) असेल तो एकदम वरच्यावर नेऊ नको, मधला ठेव. वरच्यावर नेलास तर हलणाऱ्या वस्तूच्या मागे पांढरी कडा दिसते. ब्राइटनेस कंपनीतून फार वर येतो, दिवसा पांढरा कागद स्क्रीनशेजारी धरून दोन्ही सारखे दिसतील एवढा खाली आण.

तिस्क_नाका :
केबल बदलली. ६०च होता. १८० केला आणि नुसता माऊस गोल फिरवला तरी कळलं, पाण्यावरून फिरवल्यासारखा. गेममध्ये जास्त बोलत नाही, भाऊ वाचतोय हे, पण काल पहिल्यांदा मी त्याच्या वर होतो.

ब्राइटनेस कागद धरून ३५वर आणला. लॅपटॉप एचडीएमआयला, पीसी डिस्प्लेपोर्टला, बटण दाबून बदलतो. यूपीएस बुधवारी येतोय, तोवर गडगडलं की सगळे प्लग काढतो, लॅनसकट. वायरमन उद्या येणार आहे, खड्ड्यात आईने आजच दोन बादल्या पाणी ओतलं. ताई, बार्देश, साखळीवाले, वेर्णावाले, सगळ्यांना देव बरें करूं.

साखळी_वायरमन :
वायरमन आला की अर्थ आणि न्यूट्रलमधला व्होल्टेज मोजायला सांगा आणि आकडा इथे लिहा. दोन-तीनच्या वर असेल तर पुढचं बोलू.